युआन श्वांगच्या शहरात चार दिवस

शाळेच्या इतिहासात युआन श्वांगचे नाव हर्षवर्धनाच्या धड्यात येते आणि परीक्षा झाली की बहुतेकांच्या मनातून जाते. आमच्या घरात ते टिकून राहिले, कारण त्याने महाराष्ट्राविषयी लिहिलेला मजकूर वडिलांना जवळजवळ पाठ होता. इ.स. ६४१ च्या सुमारास हा चिनी भिक्षू आपल्या प्रदेशात आला, तेव्हा येथे बदामीच्या चालुक्यांचा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. येथील माणसे मानी आहेत, उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत आणि सूड घ्यायचा असला तरी शत्रूला आधी सावध करतात, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. वडील जेवताना हे सांगत, आणि इतक्या दुरून येऊन आपल्याविषयी इतक्या बारकाईने लिहिणारा हा माणूस कोणत्या गावचा, हा प्रश्न ताईच्या आणि माझ्या मनात तेव्हापासून होता. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघी, तो जिथून निघाला आणि सोळा-सतरा वर्षांनी जिथे परतला, त्या शहरात चार दिवस राहून आलो. त्या काळी त्याचे नाव चांगआन होते. आज ते शान्शी प्रांताच्या राजधानीचे शहर आहे आणि त्याला शिआन म्हणतात.

बीजिंगहून आम्ही वेगवान रेल्वेने गेलो. सुमारे १२०० किलोमीटरचे अंतर पाच तासांच्या आसपास पार होते. खिडकीतून सतत सपाट शेती दिसते आणि शिआन जवळ येऊ लागले की पिवळसर मातीचे उंचवटे आणि त्यांतल्या घळी दिसू लागतात. ही मातीच या प्रदेशाची ओळख आहे. येथे मुख्य पीक गव्हाचे. चीन म्हणजे भात ही आपली समजूत शिआनमध्ये पहिल्याच जेवणाला बाजूला ठेवावी लागते, कारण येथील माणसाचे पोट भरते ते कणकेने आणि मैद्याने.

आमच्यापुढे जेवणाचा एक खरा प्रश्न होता. ताई शुद्ध शाकाहारी आहे, अंडेसुद्धा खात नाही. मी सर्व खाते. उतरलो त्या हॉटेलातल्या मुलीने ताईला चिनी लिपीत एक चिठ्ठी लिहून दिली: मी मांस, मासे, अंडी खात नाही, हाडांचा रस्साही चालत नाही. ‘वो चृ सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, एवढे तीन शब्द तिने आम्हा दोघींकडून घोकून घेतले. शाकाहारी वाचकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की रश्श्याचा उल्लेख चिठ्ठीत वेगळा करून घ्यावा. मांसाचा तुकडा नसला म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला असे तेथे पुष्कळजण मानतात, आणि त्यांच्या मनात फसवण्याचा हेतू नसतो.

पहिल्या दिवशी आम्ही थेट रानहंसाच्या पॅगोड्याकडे गेलो. चिनी भाषेत त्याला ‘दायान था’ म्हणतात. समोरच्या चौकात हातात दंड घेतलेला युआन श्वांगचा मोठा पुतळा उभा आहे आणि त्याच्या मागे, थेट रेषेत, विटांचा सात मजली मनोरा आहे. सुमारे ६४ मीटर उंचीचा, वर निमुळता होत गेलेला, कोणताही भपका नसलेला. इ.स. ६२९ च्या सुमारास सरहद्द ओलांडण्याची बंदी असताना युआन श्वांग चोरून निघाला होता, आणि ६४५ मध्ये परतला तेव्हा त्याच्या स्वागताला शहर लोटले होते. त्याने ६५७ ग्रंथ आणले होते आणि ते वाहायला वीस घोडे लागले होते. हे ग्रंथ आगीपासून सुरक्षित राहावेत म्हणून त्याने ६५२ मध्ये हा मनोरा बांधवून घेतला. त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात आहे की बांधकाम चालू असताना तो स्वतः विटा-दगडांच्या पाट्या वाहत असे. आज दिसतो तो मनोरा नंतरच्या डागडुजीतून आणि फेरबांधणीतून आलेला आहे. मूळचा पाच मजल्यांचा होता.

दक्षिणेकडच्या दाराच्या दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे दोन शिलालेख आहेत, ६५३ सालचे. सम्राट थायत्सुंग आणि त्याचा मुलगा काओत्सुंग यांनी युआन श्वांगच्या भाषांतरांसाठी लिहिलेला मजकूर त्यांवर कोरलेला आहे, आणि त्यातले अक्षर इतके डौलदार आहे की चिनी न येणाऱ्या माणसालाही ते डोळे भरून पाहावेसे वाटते. ज्या राजाची बंदी मोडून हा भिक्षू निघाला, त्याच राजाने पुढे त्याच्या कामाची स्तुती लिहावी, ही गोष्ट तेथे उभे राहून आठवली की मन भरून येते. त्या दारात आम्ही बराच वेळ थांबलो. ताईने वडिलांचे नाव मोठ्याने उच्चारले.

हंसाचे नाव या मनोऱ्याला का पडले, याची एक कथा सांगतात आणि ती मगधातली आहे. युआन श्वांगने आपल्या प्रवासवर्णनात ती लिहिली आहे. एका मठातील भिक्षूंना काही प्रकारचे मांस चालत असे. एके दिवशी मांस मिळाले नाही, तेव्हा कोठाराची व्यवस्था पाहणारा भिक्षू आकाशातून चाललेल्या हंसांच्या रांगेकडे पाहून म्हणाला की आज भिक्षू उपाशी आहेत, बोधिसत्त्वांना हे कळायला हवे. त्याच क्षणी रांगेतला पुढचा हंस खाली कोसळून मेला. भिक्षूंना आपली चूक उमगली, त्यांनी मांस सोडले, हंसाला पुरले आणि त्यावर स्तूप उभारला. ताईला ही कथा माहीत नव्हती. मी ती पॅगोड्याच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी सांगितली, तेव्हा ती काही बोलली नाही, पण खाली उतरल्यावर चिठ्ठी हातात घट्ट धरून म्हणाली, “चल, आता या गावात मला उपाशी राहावे लागणार नाही.”

आणि तसेच झाले. त्या दुपारी एका अरुंद गल्लीतल्या दुकानात आम्ही पहिल्यांदा ‘ब्यांगब्यांग’ खाल्ले. या शेवया म्हणायच्या तर कमरेच्या पट्ट्याएवढ्या रुंद असतात, आणि पट्ट्याची ही उपमा तेथील लोकच देतात. भट्टीपुढचा माणूस तेल लावून मुरवलेला कणकेचा गोळा लाटण्याने थोडा दाबतो, दोन्ही टोके हातांत धरून ताणतो आणि मधला भाग ओट्यावर आपटतो. त्या आपटण्याच्या आवाजावरूनच हे नाव आले, असे सांगतात. पट्टा वाव-दीड वाव लांब झाला की तो उकळत्या पाण्यात जातो. ‘ब्यांग’ लिहिण्यासाठीचे चिनी अक्षर पन्नासांहून अधिक रेघांचे आहे आणि नेहमीच्या शब्दकोशांत ते सापडत नाही. संगणकाच्या युनिकोड अक्षरसंचातही ते २०२० साली आले. दुकानांच्या पाट्यांवर मात्र ते हातभर मोठे रंगवलेले असते.

उकडलेल्या पट्ट्यांवर वाडग्यात कांद्याची पात, लसूण आणि सुक्या लाल मिरचीची जाडसर पूड ठेवतात, आणि त्या पुडीवर धूर येईपर्यंत तापवलेले तेल ओततात. चर्र आवाज होतो आणि खमंग वास सगळ्या दुकानात पसरतो. आपण फोडणी करून त्यात पदार्थ घालतो किंवा शेवटी वरून फोडणी देतो, त्यातलाच हा दुसरा प्रकार आहे, आणि तो वास नाकात गेला तेव्हा परक्या देशात असल्याचे भान काही क्षण उरले नाही. मिरची त्यांच्याकडेही अमेरिका खंडातून आली आणि आपल्याकडेही, तरी दोन्हीकडच्या घरांनी ती इतकी आपलीशी केली आहे की तिच्याशिवायचे जेवण आज कल्पनेत येत नाही. त्यावर येथे काळा व्हिनेगर सढळ हाताने घालतात. तिखटाला ही आंबट जोड मला फार आवडली. पदार्थ मैदा, मिरची, तेल आणि व्हिनेगर एवढ्यावरच उभा असल्याने, वर खिमा घालू नका एवढे सांगितले की ताईलाही तो चालतो.

जेवण झाल्यावर दुकानाच्या मालकिणीने न मागता दोन वाडग्यांत गढूळसर गरम पाणी आणून ठेवले. ज्या पाण्यात शेवया उकडल्या, तेच हे पाणी. ज्या पाण्यात अन्न शिजले तेच पाणी ते अन्न पचवते, अशी उत्तर चीनमध्ये म्हणच आहे. भाताची पेज टाकून न देणाऱ्या घरात वाढलेल्या आम्हा दोघींना हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

दुसरा दिवस आम्ही मातीच्या सैनिकांसाठी ठेवला होता. हे स्थळ शहराच्या पूर्वेला लिन्थुंग भागात आहे आणि जायला तास-सव्वा तास लागतो. रेल्वे स्थानकाबाहेर एका माणसाने ‘थेट संग्रहालय’ असे सांगून आम्हाला गाडीत बसवले आणि वाटेत सैनिकांच्या प्रतिकृती विकणाऱ्या एका दुकानात तासभर अडकवून ठेवले. त्या तासाची भरपाई कोणी करत नाही. म्हणून सरकारी बस किंवा मेट्रोचा मार्गच धरावा आणि पासपोर्ट जवळ ठेवून तिकीट आधी काढावे.

मार्च १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीला भाजलेल्या मातीचे तुकडे लागले, आणि त्यातून चीनचा पहिला सम्राट चिन शी हुआंग याच्या समाधीचे रक्षक उजेडात आले. हा सम्राट इ.स.पूर्व २१० मध्ये वारला. पहिला खंदक २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे, वर प्रचंड कमानदार छप्पर आहे, आणि त्याखाली सैनिकांच्या रांगा पूर्वेकडे तोंड करून उभ्या आहेत. एकूण संख्या सुमारे ८००० असावी असा अंदाज आहे, त्यांतले बरेच अजून मातीत आहेत. छायाचित्रांत दिसते ती शिस्त. प्रत्यक्षात माझ्या लक्षात राहिले ते रांगांच्या मागचे तुकड्यांचे ढीग: डोक्यावेगळी धडे, धडावेगळे हात, आणि त्यांतून एकेक सैनिक जुळवत बसलेल्या लोकांची टेबले.

गर्दी फार असते आणि पुढच्या कठड्याशी जागा मिळवायला धीर लागतो. पण ज्यांना वेळ आहे त्यांनी दुसऱ्या खंदकात सापडलेला गुडघा टेकून बसलेला धनुर्धर काचेच्या पेटीत ठेवला आहे, त्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहावे. त्याच्या उचललेल्या पावलाचा जोड्याचा तळवा दिसतो, आणि त्या तळव्यावर शिवणीचे टाके आहेत. टाचेपाशी आणि चवड्यापाशी ते दाट आहेत आणि मध्ये विरळ, जिथे जोडा जास्त झिजतो तिथे जास्त. जमिनीत पुरल्या जाणाऱ्या, कोणाच्याही नजरेस पुन्हा पडू नयेत अशाच हेतूने केलेल्या पुतळ्याच्या तळव्यावर कारागिराने एवढी काळजी घेतली. अनेक पुतळ्यांवर त्यांच्या कारागिरांची नावेही कोरलेली सापडली आहेत. मूळचे पुतळे रंगवलेले होते. माती बाजूला झाली की रंगाखालचा लाखेचा थर सुकून गुंडाळला जातो आणि रंग निघून येतो, आणि सम्राटाची मुख्य समाधी आजही न उघडण्यामागे असे काही कायमचे गमावण्याची भीती आहे. ही सबुरी मला फार मोलाची वाटते.

परत येताना लिन्थुंगची डाळिंबे आणि तांबडी, पिकून मऊ झालेली टेंभुर्णीच्या जातीची फळे रस्त्याच्या कडेला मांडलेली होती. इंग्रजीत ज्यांना पर्सिमन म्हणतात तीच ही फळे. त्यांच्या गरात मैदा मळून, आत अक्रोड आणि सुवासिक फुलांचे गोड सारण भरून, तेलात तळलेली छोटी पुरी मिळते. गरम असते आणि चिकट असते. सांजोरीची आठवण यावी अशी. आम्ही दोघींनी मिळून सहा खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ढोलमनोऱ्यामागच्या मुस्लिम वस्तीत गेलो. १३८० सालचा ढोलमनोरा आणि १३८४ सालचा घंटामनोरा शहराच्या मध्यावर जवळजवळ आहेत. ढोलमनोऱ्याच्या कमानीतून उत्तरेकडे गेले की हुई लोकांच्या वस्तीतला मुख्य रस्ता लागतो. पश्चिमेकडून या शहरात आलेल्या व्यापाऱ्यांचे वंशज येथे शेकडो वर्षे राहत आहेत. मुख्य रस्त्यावर दिवे आणि गलका इतका असतो की काही वेळाने डोके दुखते, आणि तेथील बरेचसे पदार्थ पाहुण्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. बाजूच्या गल्ल्यांत शिरावे. तिथे घरची माणसे भाजी निवडत बसलेली असतात.

त्याच गल्ल्यांत मोठी मशीद आहे. मिनार नाही, घुमट नाही. चिनी देवळासारखी वळणदार छपरे, एकामागून एक चौक, जुनी झाडे, लाकडी कोरीव कमानी, आणि भिंतींवर अरबी अक्षरे. चिनी वास्तूंची मांडणी सहसा दक्षिणोत्तर असते. ही मशीद पूर्व-पश्चिम आहे, कारण मक्का पश्चिमेला. बाहेरच्या गोंगाटानंतर तिथली शांतता अंगावर पाण्यासारखी येते.

या वस्तीचा पदार्थ म्हणजे ‘यांगरो पाओमो’. मी तो खाल्ला आणि ताई शेजारी बसून पाहत होती. आधी रिकामा वाडगा आणि दोन जाड, कडक, अर्धवट भाजलेल्या भाकऱ्या समोर येतात. त्या भाकऱ्या आपणच हाताने कुस्करायच्या, सोयाबीनच्या दाण्याएवढे तुकडे करायचे. मी मोठे मोठे तुकडे केले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मान हलवली, माझ्या वाडग्यातला एक तुकडा उचलला आणि नखाने चिमटून त्याचे चार केले. मग ताईने वाडगा स्वतःकडे ओढून घेतला. मटणाच्या पदार्थाला तिने आयुष्यात पहिल्यांदा हात लावला तो अशा रीतीने, भाकरीपुरता. अर्धा तास आम्ही दोघी आणि ते आजोबा एकमेकांची भाषा न कळता कुस्करत बसलो होतो. नंतर वाडग्याला क्रमांकाचा बिल्ला लावून तो आत नेतात, म्हणजे आपला वाडगा आपल्यालाच परत मिळतो, आणि रटरटत्या मटणाच्या रश्श्यात ते तुकडे शिजवून आणतात. सोबत साखरेत मुरवलेला लसूण आणि तिखट असते. ढवळायचे नाही, कडेकडेने खात जायचे. तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून खाणाऱ्या माणसाला या वाडग्यापाशी बसल्यावर आपल्याच पंगतीत बसल्यासारखे वाटेल. फक्त रस्सा तिखट नसून खोल, संथ चवीचा असतो.

तिथून निघताना दोन तरुण भलेमोठे लाकडी हातोडे आळीपाळीने उचलून शेंगदाणे आणि साखरेचा पाक कुटत होते. चिक्कीच, पण कुटून पदर सुटलेली. अर्धा किलो घरी आणली.

ताईचा पदार्थ मात्र ‘लियांगपी’ ठरला, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. मैद्याची कणीक मळून ती पाण्यात धुतात. धुता धुता पीठ पाण्यात उतरते आणि हातात चिवट गोळा उरतो. ते पांढरे पाणी रात्रभर ठेवले की सत्त्व तळाशी बसते. वरची निवळ काढून टाकतात, आणि खालचे दाट सत्त्व तेल लावलेल्या पसरट थाळीत पातळ ओतून वाफवतात. थाळी थंड केली की कापडासारखा मऊ, अर्धपारदर्शक पापुद्रा सुटून येतो. त्याच्या पट्ट्या कापून त्यांवर काकडी, मोड आलेले मूग, लसणीचे पाणी, व्हिनेगर, तिळाचा वाटलेला घट्ट रस आणि मिरचीचे तेल घालतात. उरलेला चिवट गोळाही वाया जात नाही. तो वाफवून स्पंजसारखा होतो आणि त्याचे चौकोनी तुकडे यात येतात. दुकानाच्या दारातच हे काम चालू होते. ताई पाचेक मिनिटे पाहत राहिली आणि मला म्हणाली, “अगं, हा तर कुरडईचा चीक आहे!” आम्ही गहू तीन दिवस भिजत घालून, वाटून, पिळून चीक काढतो आणि तो शिजवून सोऱ्यातून पाडतो. हे लोक पिठापासून सुरुवात करतात आणि वाफवतात. पण रात्रभर बसलेल्या चिकाची निवळ काढताना बाईच्या मनगटाची जी सावध हालचाल होते, ती अगदी आमच्या आईची होती. त्यानंतर शिआनमध्ये असेपर्यंत ताईने सकाळी आणि दुपारी हेच खाल्ले.

शेवटच्या दिवशी सकाळी शिलालेखांच्या संग्रहालयात इ.स. ७८१ सालची एक शिळा पाहिली. ख्रिस्ती धर्म ६३५ मध्ये या शहरात कसा पोहोचला, ते तिच्यावर चिनी अक्षरांत लिहिलेले आहे आणि खाली सिरियाई लिपीतही ओळी आहेत. युआन श्वांग तेव्हा भारतात होता. म्हणजे तो पश्चिमेकडे चालत गेला त्याच काळात पश्चिमेकडून दुसरे कोणीतरी याच शहरात आपले ग्रंथ घेऊन येत होते. चांगआनची थोरवी मला त्या एका दगडापुढे जितकी जाणवली तितकी भव्य दालनांतही जाणवली नाही.

दुपारनंतर आम्ही तटावर गेलो. मिंग काळात, १३७० पासून बांधलेला हा तट सुमारे १३.७ किलोमीटरचा आहे, १२ मीटर उंच, आणि वरचा रस्ता इतका रुंद की दोन बैलगाड्या आरामात बाजूबाजूने जातील. वर सायकली भाड्याने मिळतात. दक्षिण दरवाजापासून निघून आम्ही पूर्ण फेरी मारली. आतल्या बाजूला करडी छपरे, बाहेरच्या बाजूला खंदक आणि बाग, आणि बागेत कोणी शान्शीच्या खड्या आवाजातले गाणे गात होते. पश्चिम दरवाजापाशी ताई सायकलवरून उतरली. तिथून पुढे जुना रेशीममार्ग सुरू होत असे. सूर्य मावळेपर्यंत आम्ही त्या दिशेला पाहत बसलो.

या वर्षी एप्रिलमध्ये कुरडयांसाठी गहू भिजवले तेव्हा ताईने एक वाटी चीक बाजूला ठेवला. ढोकळ्याच्या थाळीला तेल लावले, पळीभर चीक पसरला आणि झाकण ठेवले. पहिल्या दोन थाळ्यांतला पापुद्रा काढताना फाटला. तिसरा अख्खा निघाला. त्यावर तिने काकडी, लसणीचे पाणी आणि तिळाचे वाटण घातले, व्हिनेगरऐवजी लिंबू पिळले, आणि शेवटी लाल तिखटावर कडकडीत तेल ओतले.